मोडलेल्या चेहऱ्यांचा वैद्य : सर हॅरल्ड गिलीज

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. त्यातला दुसरा पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशी खानदेशातील गावे ओलांडत विदर्भाकडे निघून जातो. रावेर-यावलच्या केळीने भरलेल्या मालमोटारी, कापसाच्या हंगामातील ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि या साऱ्यांमधून वाट काढणारे दुचाकीस्वार हे या रस्त्यांचे नित्याचे चित्र आहे. त्यातून होणाऱ्या अपघातांत हातपाय मोडतात, तसाच चेहराही मोडतो. कुणाच्या गालाचे हाड आत दबते, कुणाचा खालचा जबडा दोन ठिकाणी दुभंगतो, कुणाच्या डोळ्याची खोबण तडकते. दबलेले गालाचे हाड उचलण्याची वेळ येते तेव्हा शल्यचिकित्सक अनेकदा गालावर चाकू लावतच नाही. कानाच्या वर, केसांच्या आड तो एक लहानशी चीर देतो. तेथून एक चपटी पट्टी स्नायूच्या आवरणाखालून हाडाच्या तळाशी सरकवतो आणि हाड वर उचलून जागेवर बसवतो. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. या वाटेला जगभरच्या पाठ्यपुस्तकांत सर हॅरल्ड गिलीज यांचे नाव आहे.

गिलीज यांना आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाते. आज या शब्दासरशी सौंदर्यवर्धनाच्या जाहिराती डोळ्यांसमोर येतात. गिलीज यांचे शास्त्र मात्र उभे राहिले ते युद्धात चेहरा गमावलेल्या सैनिकांच्या खाटांशेजारी. त्यांच्या हातात कसब होते, हे खरेच. पण मोडलेला चेहरा पुन्हा उभा राहतो की नाही, हे केवळ शस्त्रक्रियागृहात ठरत नाही, ही त्यांच्या आयुष्याची मोठी शिकवण आहे. जखमीला कुणी उचलले, कसे निजवले, तो किती दिवसांनी पोहोचला, त्याचे दात कुणी पाहिले आणि घाव भरल्यावर त्याला कुणी सांभाळले, या साऱ्यांवर ते अवलंबून असते.

हॅरल्ड डेल्फ गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील डनेडिन या शहरात झाला. आठ भावंडांत ते धाकटे. ते अगदी लहान असतानाच वडील वारले. बालपणी जिन्याच्या कठड्यावरून घसरताना त्यांच्या कोपराला इजा झाली आणि तो हात कायमचा थोडा आखडलेलाच राहिला. या अधूपणाची त्यांनी कधी सबब सांगितली नाही. वांगानुईच्या शाळेत ते क्रिकेट संघाचे कर्णधार होते. १९०१ मध्ये इंग्लंडला जाऊन ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले आणि १९०४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत त्यांनी केंब्रिजसाठी वल्हे चालवले. गोल्फमध्ये तर त्यांनी इंग्लंडचे प्रतिनिधित्व केले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण पूर्ण करून १९१० मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. कान, नाक आणि घसा हा त्यांचा विषय. लंडनमधील एका नामांकित तज्ज्ञाच्या हाताखाली चांगल्या वेतनाची जागा मिळाली, १९११ मध्ये विवाह झाला आणि एका सुखवस्तू डॉक्टराचे आयुष्य समोर मांडलेले दिसू लागले.

१९१४ च्या महायुद्धाने ही घडी मोडली. खंदकांच्या या युद्धात सैनिकाचे शरीर मातीच्या आड सुरक्षित असे, पण पाहणीसाठी डोके वर काढावे लागे. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा नेमका तेथेच लागे. युद्धाच्या दुसऱ्या वर्षापासून पोलादी शिरस्त्राणे आली आणि कवटी वाचू लागली. परंतु शिरस्त्राणाखालचा चेहरा उघडाच होता. पूर्वी मेंदूच्या इजेने जे मेले असते, ते आता मोडक्या जबड्यांनिशी रुग्णालयात येऊ लागले. शंभर वर्षांनंतर खानदेशच्या रस्त्यांवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. नुसती टोपीसारखी अर्धी हेल्मेट डोक्याचा वरचा भाग सांभाळते. हनुवटी, जबडा आणि गाल मात्र तिच्या संरक्षणाबाहेर राहतात.

१९१५ मध्ये रेड क्रॉसतर्फे गिलीज फ्रान्समध्ये गेले. तेथे विमेरो येथील लष्करी रुग्णालयात त्यांची गाठ शार्ल व्हालादिए या दंतवैद्याशी पडली. आपल्या रोल्स-रॉइस मोटारीत दंतवैद्याची खुर्ची बसवून फिरणारा हा हरहुन्नरी माणूस तुटलेल्या जबड्यांवर उपचार करीत होता. तो शल्यचिकित्सक नसल्याने त्याच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी गिलीज यांच्याकडे आली. देखरेख करायला गेलेले गिलीज शिकूनच परतले. जबड्याचे तुकडे जुळवताना हाडाकडे पाहून चालत नाही, दातांकडे पाहावे लागते, हे त्यांना तेथे उमगले. वरचे आणि खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसले, तर हाड आपोआप जागेवर येते. दात चुकले, तर क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसूनही माणसाला आयुष्यभर घास चावता येत नाही. पुढे त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांनी इपोलित मोरेस्तां या फ्रेंच शल्यचिकित्सकाला काम करताना पाहिले. चेहऱ्यावरील कर्करोगाची गाठ काढून उरलेली पोकळी शेजारच्याच त्वचेने झाकण्याची त्याची हातोटी पाहून गिलीज भारावून गेले. आपल्या आयुष्याचे काम कोणते, याचा निर्णय तेथेच झाला.

फ्रान्समध्ये या विषयाची पूर्वतयारीही झालेली होती. लील शहरातील रेने ल फोर या शल्यचिकित्सकाने मृतांच्या ३५ मस्तकांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर दुभंगतात याचा अभ्यास केला होता आणि १९०१ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. वरच्या जबड्याच्या अस्थिभंगाचे त्याने दाखवलेले तीन प्रकार आजही सीटी स्कॅनच्या अहवालात त्याच्या नावानेच लिहिले जातात. हाड कोठे मोडते, हे ल फोर यांनी सांगितले. मोडल्यानंतर माणसाचे काय करायचे, याचे उत्तर गिलीज यांना शोधायचे होते.

इंग्लंडला परतून त्यांनी लष्कराच्या वैद्यकीय खात्याकडे पाठपुरावा केला. हाडे पोलादी पट्ट्यांनी जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ख्यातकीर्त असलेले सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी त्यांना पाठबळ दिले. जानेवारी १९१६ मध्ये ऑल्डरशॉटच्या केंब्रिज लष्करी रुग्णालयात चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र कक्ष मिळाला. परंतु रणभूमीवरील गोंधळात असे जखमी भलत्याच रुग्णालयांत जाऊन पडत. तेव्हा गिलीज यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून पत्त्याच्या चिठ्ठ्या विकत घेतल्या, त्यावर आपल्या कक्षाचा पत्ता घातला आणि त्या जखमींच्या कपड्यांना अडकवण्यासाठी फ्रान्सला पाठवून दिल्या. अधिकारी मंडळींना हे विचित्र वाटले. पण चिठ्ठ्या अडकवलेले जखमी खरोखरच ऑल्डरशॉटला येऊ लागले. योग्य रुग्ण वेळेत योग्य ठिकाणी पोहोचणे हा उपचाराचाच भाग आहे, हे ओळखणारी ही कृती होती. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांमागचे सूत्रही हेच आहे.

१ जुलै १९१६ रोजी सोम नदीकाठची लढाई पेटली. पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७ हजार सैनिक मृत, जखमी अथवा बेपत्ता झाले. गिलीज यांनी दोनशे जादा रुग्णांची तयारी ठेवली होती; आले सुमारे दोन हजार. या लोंढ्याने ऑल्डरशॉटची जागा अपुरी पडली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या आग्नेयेस सिडकप येथे केवळ चेहरा आणि जबड्याच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल सुरू झाले. पुढे संलग्न रुग्णालये धरून तेथील खाटांची संख्या हजारावर गेली. युद्ध संपल्यानंतरही चाललेल्या या कामात पाच हजारांहून अधिक जवानांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

सिडकपचे वेगळेपण आकड्यांत नव्हते, रचनेत होते. शल्यचिकित्सकाच्या बरोबरीने विल्यम केल्सी फ्राय हे दंतशल्यचिकित्सक उभे असत. हाड आणि दात त्यांच्याकडे, त्यावरचे मांस आणि त्वचा गिलीज यांच्याकडे, अशी ही विभागणी होती. केल्सी फ्राय स्वतः आघाडीवर वैद्यकीय अधिकारी म्हणून राहून आले होते. जबडा फुटलेल्या एका सैनिकाला डोके पुढे झुकवून त्यांनी चालवत मागे आणले होते. तेथे त्याला स्ट्रेचरवर पाठीवर निजवले गेले आणि थोड्याच वेळात तो गुदमरून मेला. खालचा जबडा पुढून फुटला की जिभेचा आधार सुटतो. माणूस उताणा झाला की ती मागे पडून श्वासाची वाट बंद करते. त्यात रक्त आणि तुटलेले दात यांची भर पडते. या अनुभवानंतर असे जखमी बसवून किंवा पुढे झुकवून आणण्याचा आग्रह धरला गेला. हाड जोडण्याचा प्रश्न फार नंतरचा. आधी माणूस श्वास घेत पोहोचला पाहिजे.

हा धडा शंभर वर्षांत जुना झालेला नाही. रस्त्यावर पडलेल्या जखमीला जीपच्या किंवा टेम्पोच्या हौद्यात उताणे टाकून नेण्याची पद्धत अजूनही दिसते. शुद्धीवर असलेल्या, मान न दुखणाऱ्या जखमीला पुढे झुकून बसू देणे आणि तोंडातील रक्त बाहेर पडू देणे श्रेयस्कर असते. बेशुद्ध जखमीच्या मानेला आधार देऊन डोके, मान आणि धड एकसंध ठेवत त्याला कुशीवर वळवावे लागते, कारण चेहऱ्यावर जोराचा आघात होतो तेव्हा मानेच्या मणक्यांना आणि मेंदूलाही इजा झालेली असू शकते. जागेवरून निखळून पडलेला दात दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्यापर्यंत पोहोचला, तर तो पुन्हा रुजण्याची शक्यता असते. या गोष्टींना महागडे यंत्र लागत नाही. त्या पहिल्या माणसाला ठाऊक असाव्या लागतात.

भूल देणे हीसुद्धा मोठी अडचण होती. नाकातोंडावर मुखवटा धरून ईथर द्यायचे, तर शस्त्रक्रिया करायची तीच जागा अडते. सिडकपला १९१९ पासून आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबोथम या भूलतज्ज्ञांनी थेट श्वासनलिकेत रबरी नळी घालून भूल देण्याचे तंत्र विकसित केले. आज जगातील कोणत्याही शस्त्रक्रियागृहात दिसणाऱ्या या नळीचा विकास मोडक्या चेहऱ्यांच्या गरजेतून झाला आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे चेहरे नोंदवण्यासाठी छायाचित्रे घेतली जात, प्लास्टरचे साचे केले जात. हेन्री टॉन्क्स हे शल्यचिकित्सक असलेले चित्रकार जखमींची रंगीत खडूंनी चित्रे काढीत. आपण काय केले आणि त्याचे काय झाले, हे प्रत्येक रुग्णाबाबत लिहून ठेवण्याची शिस्त गिलीज यांनी सुरुवातीपासून पाळली.

याच नोंदींत त्यांच्या अपयशाचीही कहाणी आहे. हेन्री लम्ली हा तरुण वैमानिक विमान कोसळून भयंकर भाजला होता. १९१८ मध्ये गिलीज यांनी त्याच्या छातीवरील त्वचेचा मोठा पट्टा एकाच वेळी पूर्ण चेहऱ्यावर बसवला. आधीच खंगलेल्या शरीराला तो भार पेलला नाही. पट्टा सडला, जंतुसंसर्ग झाला आणि काही आठवड्यांतच लम्लीचा मृत्यू झाला. हा घाव गिलीज विसरले नाहीत. चेहरा टप्प्याटप्प्याने उभारायचा, दोन शस्त्रक्रियांमध्ये शरीराला सावरू द्यायचे आणि जे पुढे ढकलता येते ते घाईने करायचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. धडाडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शल्यचिकित्सकाचे पुढचे सारे यश संयमावर उभे राहिले.

त्याआधी, ऑक्टोबर १९१७ मध्ये, विली विकरेज या जळालेल्या नौसैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या लक्षात आले, की छातीवरून सोडवलेल्या त्वचेच्या पट्ट्याच्या कडा आपोआप आत वळत आहेत. त्या कडा एकमेकींना शिवल्या तर नळी तयार होईल. आतले मांस उघडे पडणार नाही, जंतूंना वाव राहणार नाही आणि रक्तपुरवठाही टिकेल. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात ही साधी युक्ती अनेकांना जीवदान देणारी ठरली. नळीचे एक टोक मूळ जागी ठेवायचे, दुसरे चेहऱ्यावर रुजवायचे आणि तेथे रक्तपुरवठा सुरू झाला की पहिले टोक सोडवायचे, अशी ही पद्धत होती. रशियाचे व्लादिमीर फिलातोव्ह यांनाही साधारण त्याच सुमारास ही युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती.

त्वचेचे एक टोक मूळ जागी जोडलेले ठेवून नवे अवयव घडवण्याच्या या विद्येचे एक मूळ महाराष्ट्राच्या मातीत आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या १७९२ पर्यंत चाललेल्या युद्धात इंग्रजी फौजेच्या बैलांचा तांडा हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळावरील त्वचा भुवयांमधील देठ कायम ठेवून खाली वळवली आणि त्याला नवे नाक घडवून दिले. दोघा इंग्रज वैद्यांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची हकिकत सचित्र छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये त्याच रीतीने शस्त्रक्रिया केली आणि सुश्रुतसंहितेपर्यंत मागे जाणारी ही विद्या युरोपात भारतीय पद्धत म्हणून रूढ झाली. गिलीज ज्या परंपरेत उभे होते, तिच्या साखळीत पुण्याजवळच्या त्या अनाम कुंभाराचा दुवा आहे.

चेहरा बरा झाला तरी माणूस बरा होतोच असे नाही, हेही सिडकपने दाखवून दिले. तेथील बहुतेक कक्षांत आरसे ठेवलेले नव्हते. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाके निळ्या रंगाने रंगवलेली होती, म्हणजे त्यावर बसलेला माणूस कोण, हे लोकांना आधीच कळावे आणि त्यांनी दचकू नये. काही जण घरी परतायला तयार नसत. अशांसाठी खेळणी बनवण्यापासून कोंबड्या पाळण्यापर्यंत अनेक धंद्यांचे शिक्षण रुग्णालयातच दिले जाई. गिलीज स्वतः खोडकर स्वभावाचे होते. नाना सोंगे काढून रुग्णांना हसवण्यात त्यांना संकोच वाटत नसे. ज्याला समाजाने तोंड फिरवून दूर लोटले, त्याला माणसांत परत आणणे हाच उपचाराचा शेवट आहे, अशी त्यांची धारणा होती.

१९२० मध्ये चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शांततेच्या काळात मात्र या शास्त्राला किंमत नव्हती. चेहरा सुधारण्याच्या शस्त्रक्रियेला प्रतिष्ठित डॉक्टर नाके मुरडत. गिलीज आणि त्यांचे सहकारी टॉमी किल्नर यांनी चिकाटीने काम चालू ठेवले. मोटारींची संख्या वाढत होती आणि युद्धाऐवजी रस्ते चेहरे मोडू लागले होते. १९२७ मध्ये गिलीज, किल्नर आणि स्टोन यांनी गालाच्या हाडाच्या अस्थिभंगावर एक शोधनिबंध लिहिला. त्यात हे हाड नीट दिसावे यासाठी क्ष-किरण चित्राची नवी पद्धत होती, आणि केसांआडच्या चिरेतून हाड उचलण्याची ती सुप्रसिद्ध वाटही होती. खंदकांतून आलेले ज्ञान अशा रीतीने रस्त्यावरच्या माणसाच्या उपयोगी पडले.

या शस्त्रक्रियेचे यश वेळेशी बांधलेले आहे. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने त्याची हाडे लवकर सांधतात. सूज उतरण्यासाठी काही दिवस थांबणे योग्य असते. पण दोन-तीन आठवडे उलटले की दबलेले हाड तेथेच चिकटू लागते. मग ते नुसते उचलता येत नाही, पुन्हा सोडवावे लागते. खानदेशात अनेकदा घडते ते असे, की डोळ्याभोवतीची सूज उतरते, दुखणे कमी होते, शेतीचा हंगाम तोंडावर असतो आणि रुग्ण घरीच राहतो. महिन्याने गाल खोलगट दिसू लागतो, एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात किंवा तोंड पुरते उघडत नाही, तेव्हा तो धुळे किंवा जळगाव गाठतो. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्यांना तर वाटेतच दिवस जातो. लहान मुलांच्या बाबतीत धोका आणखी मोठा. हनुवटीवर पडलेल्या मुलाची बाहेरची जखम शिवली जाते. पण कानापुढचा जबड्याचा सांधा मोडला आहे, हे ध्यानात येत नाही. पुढे तो सांधा आखडतो, तोंड उघडेनासे होते आणि त्या बाजूच्या जबड्याची वाढ खुंटते. हनुवटी फुटलेल्या मुलाला तोंड उघडायला लावून पाहणे, एवढी साधी तपासणी हे टाळू शकते.

१९७० च्या दशकापासून जबडे जोडण्यासाठी लहान धातूपट्ट्या आणि स्क्रू वापरात आले. त्यामुळे अनेक रुग्णांचे दात तारांनी चार ते सहा आठवडे बांधून ठेवण्याची गरज उरली नाही. तरीही फळ रुग्णाच्या सवयींवर अवलंबून राहते. तोंडातली अस्वच्छता, तंबाखू, विडी, मद्य आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे जखमेत पू होण्याचा आणि हाड न सांधण्याचा धोका वाढतो. सुपारी-गुटख्याने आधीच ज्याचे तोंड आखडले आहे, त्याच्यावर भूल देण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत प्रत्येक पायरी अवघड होते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सवय मात्र बंदीने सुटत नाही. जबडा जोडल्यावर काही आठवडे कळण्याची भाकरी बाजूला ठेवून पातळ वरण, दूध, पेज यांवर राहावे लागते. हे पथ्य आणि तोंड उघडण्याचा व्यायाम घरच्यांनी मनावर घेतला नाही, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

१९३० मध्ये गिलीज यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी न्यूझीलंडहून आलेले त्यांचे दूरचे नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो त्यांच्या हाताखाली काम करू लागले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांवरील उपचारांनी हेच मॅकिंडो जगप्रसिद्ध झाले. स्वतः गिलीज यांनी त्या युद्धात बेझिंगस्टोकजवळ रूक्सडाऊन हाऊस येथे प्लास्टिक सर्जरीचे मोठे केंद्र चालवले. १९४६ मध्ये ब्रिटिश प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १९५७ मध्ये अमेरिकी शिष्य राल्फ मिलार्ड यांच्यासह त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या अनुभवाचा द्विखंडात्मक ग्रंथ सिद्ध केला. त्यात यशाबरोबर फसलेल्या शस्त्रक्रियाही मोकळेपणाने नोंदवलेल्या आहेत.

त्यांच्याकडे शिकायला देशोदेशींचे तरुण येत. त्यांपैकी डॉ. नोशीर अंतिया (१९२२-२००७) यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे व हात सुधारण्यासाठी आपले कौशल्य वापरले. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यातील मांडव्याला वळले आणि जेमतेम शिकलेल्या गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करू लागले. आजाराचा निकाल रुग्णालयाच्या दारापूर्वीच लागतो, हा गुरूच्या कामातला धडा शिष्याने खेड्यापर्यंत नेला. सुरत-नागपूर मार्गाच्या पूर्वेकडच्या टोकाला, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली या शास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आज धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दंत महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोडक्या चेहऱ्यानिशी थेट मुंबईच गाठावी लागण्याचा काळ मागे पडला आहे.

गिलीज अखेरपर्यंत काम करीत राहिले. ३ ऑगस्ट १९६० रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, एका अठरा वर्षांच्या मुलीच्या जखमी पायावर शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांच्या मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी झाली. १० सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. मागे फारशी संपत्ती उरली नाही. उरले ते माणसांच्या चेहऱ्यांचे तपशील, छायाचित्रे आणि साचे. प्रत्येकावर काय केले, काय साधले आणि काय फसले, याची प्रामाणिक नोंद. त्यांच्या हातचे कौशल्य त्यांच्याबरोबर गेले. जखमीला उताणा न निजवण्याची, आधी दात पाहण्याची, वेळ न दवडण्याची आणि तरीही घाई न करण्याची शिस्त मात्र कुणालाही शिकता येते. गालावर व्रण न ठेवता हाड उचलणारी ती केसांआडची चीरही तेव्हाच सार्थकी लागते, जेव्हा रस्त्यावरून उचलणाऱ्यापासून घरी पेज भरवणाऱ्यापर्यंत प्रत्येकजण आपापला वाटा उचलतो.